काही चर्च वाढतात आणि काही वर्षानुवर्षं आहेत तेवढीच राहतात, असं का होतं? नाशिकमधला अनुभव काय?

तुम्ही मुद्दाम नाशिकचं विचारलंत म्हणून लिहायला बसले. माझा जन्म इथल्याच एका जुन्या ख्रिस्ती घरातला. आजी बायबलबाई होती, म्हणजे घरोघरी जाऊन बायकांना बायबल सांगणारी, आणि मी स्वतः गेली 31 वर्षं संडे स्कूलला शिकवते.

मला जे वाटतं ते आधीच सांगते. बाप्तिस्मा घेतल्यावरही माणूस आपल्या भाऊबंदांच्या पंगतीला बसू शकला, तर त्याची मंडळी, म्हणजे चर्चचा समुदाय, वाढते. विश्वास ठेवायचा म्हणजे आपली गल्ली सोडून कोणाच्या तरी भिंतीआड राहायला जायचं, असं झालं की ती तेवढीच राहते. बाकीची कारणं पुष्कळ आहेत, पण मला तरी ती सगळी फिरून इथेच येताना दिसतात.

शरणपूर घ्या. आज शरणपूर रोड म्हटलं की लोकांना दुकानं, दवाखाने आणि ट्रॅफिक आठवतं. पण नाव नीट ऐका, शरण आलेल्यांचं पूर. चर्च मिशनरी सोसायटीचं काम नाशकात 1832 मध्ये सुरू झालं आणि 1850 च्या दशकात शहराबाहेर हे ख्रिस्ती गाव वसलं. त्यामागची गरज खरी होती. बाप्तिस्मा झाला की घर सुटायचं, विहीर बंद व्हायची, वाळीत टाकलं जायचं. अशा माणसाने जायचं कुठे? म्हणून राहायला जागा दिली, शाळा काढली, सुतारकाम-लोहारकाम शिकवलं. मी त्या मिशनऱ्यांना नावं ठेवणार नाही, माझ्या पणजोबांना तिथेच आसरा मिळाला. पण पणजोबा मिशनच्या कंपाउंडमध्ये आले आणि गावाकडच्या त्यांच्या भावाला एवढंच कळलं, की ‘तो साहेबाकडे गेला’. विश्वास जातो तो भावाकडून भावाकडे, सासरहून माहेरी, चुलतीकडून पुतणीकडे. ती वाटच बंद झाली. कंपाउंडमध्ये आमची पोरं शिकली, नर्स झाली, शिक्षक झाली. मंडळी मात्र मुख्यतः आमच्याच घरांतल्या पाळण्यांनी वाढत राहिली.

हे माझं एकटीचं म्हणणं नाही. डोनाल्ड मॅकगाव्हरन नावाचे मिशनरी होते, 1897 मध्ये दमोहला, म्हणजे आपल्या मध्य भारतातच, जन्मलेले. त्यांनी आयुष्यभर हाच प्रश्न धरून ठेवला आणि निष्कर्ष काढला, की एकेकट्याला समाजातून उचलून मिशनच्या आवारात आणलं की काम तिथेच थांबतं. नातेवाईक मिळून, आपल्या माणसांत राहून येतात तिथे ते पसरतं. त्यांच्या विचाराचा पुढचा भाग मला पटत नाही. ज्याने त्याने आपापल्या समाजातच राहावं म्हणता म्हणता चर्चमध्ये जातीचे बाक तयार होतात. आणि जात हा तर आमचा सगळ्यात मोठा अडथळा. काळाराम मंदिराचा सत्याग्रह 1930 मध्ये इथेच झाला, 1935 ची येवल्याची घोषणा आमच्याच जिल्ह्यातली. ख्रिस्ती झाल्यावरही जात सुटत नाही, हे बाबासाहेबांनी स्पष्ट बोलून दाखवलं होतं. मुलीचं लग्न जुळवायला बसलं की ते आजही खरं ठरतं. हे लिहिताना मला वाईट वाटतं, पण लपवून काय उपयोग?

शरणपूरचीच दुसरी गोष्ट सांगते, कारण ती मला फार जवळची वाटते. अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथे आणून वाढवली होती. आफ्रिकेत फिरलेले प्रसिद्ध मिशनरी-संशोधक डॉ. लिव्हिंग्स्टन यांनी 1866 च्या तिकडच्या मोहिमेवर नाशिकचे 9 तरुण सोबत नेले. नंतर त्यांच्या मदतीला गेलेल्या, नाशिकच्याच जेकब वेनराइटने 1873 मध्ये लिव्हिंग्स्टन यांचं हृदय आफ्रिकेत पुरलं तेव्हा प्रार्थना वाचली, आणि 1874 मध्ये तो पार्थिवासोबत लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीपर्यंत गेला. शरणपूर सांभाळणारे प्राइस साहेब पुढे पूर्व आफ्रिकेत मोंबासाजवळ गेले, 1875 मध्ये तिथे सोडवलेल्या गुलामांची वस्ती, फ्रीअरटाउन, वसली, आणि नाशिकला वाढलेली बरीच माणसं तिकडे पोहोचली. नाशकात ती आश्रयाला ठेवलेली मुलं होती. तिकडे तीच शिक्षक झाली, उपदेशक झाली. त्यांतल्या इश्माएल सेम्लर आणि विल्यम जोन्स यांना बिशप हॅनिंग्टन यांनी 1885 मध्ये पाळकपदाची पहिली दीक्षा दिली. माणसं तीच, पण भिंतीबाहेर पडली, तिथल्या लोकांशी बोलायला लागली, जबाबदारी खांद्यावर आली, तेव्हा त्यांच्या हातून मंडळ्या उभ्या राहिल्या.

आता आकड्यांकडे वळते. महाराष्ट्रात 2001 च्या जनगणनेत ख्रिस्ती 10,58,313 होते, 2011 मध्ये 10,80,073. दहा वर्षांत जेमतेम दोन टक्के वाढ, आणि त्याच काळात राज्याची लोकसंख्या सुमारे 16 टक्क्यांनी वाढली. गावोगाव धर्मांतराची लाट आल्यासारखं जे बोललं जातं ते या आकड्यांत तरी दिसत नाही. यात एक मेख आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती अजून बाहेरच आहेत. म्हणजे दलित कुटुंबाने कागदावर ‘ख्रिस्ती’ लिहिलं की मुलाची सवलत गेली. आदिवासींना ही अट नाही. पेठ-सुरगाणा या आमच्या आदिवासी तालुक्यांचं चित्र शहरापेक्षा वेगळं दिसतं, त्यामागे हे एक कारण आहेच. शिवाय लोक ‘पैसे देऊन बाटवतात’ असा संशय घेतात. दुष्काळाच्या काळात धान्य आणि धर्म एकाच हाताने वाटला गेला. त्याचा डाग आम्ही अजून पुसतो आहोत.

भाषेबद्दल थोडं जास्त लिहिते, तो माझा जिव्हाळ्याचा विषय आहे. लक्ष्मीबाई टिळक नाशिकजवळच्या जलालपूरच्या. त्यांचे यजमान नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा 1895 चा. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं टिळक म्हणत. त्यांनी अभंग लिहिले, कीर्तनं केली आणि 1917 मध्ये मिशनचा पगार सोडून ‘देवाचा दरबार’ काढला, ज्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यालाही बसायला जागा होती. कंपाउंडची भिंत पाडायचाच तो प्रयत्न होता. दोनच वर्षांत, 1919 मध्ये, ते गेले. माझी आजी टिळकांची भजनं म्हणत म्हणत मखमलाबाद, म्हसरूळ अशा गावांना पायी जायची. ओसरीवर बसायची, बाळंतिणीची चौकशी करायची, तांदूळ निवडू लागायची आणि निवडता निवडता गाणं म्हणायची. तिने कोणाला ‘तू पापी आहेस’ म्हटलेलं मी ऐकलं नाही. बायका तिला ‘गाण्यावाली मावशी’ म्हणत. आज आमची तरुण मुलं स्क्रीनवर इंग्रजी नाही तर हिंदी गाणी लावतात. त्यांचं मन त्यात लागतं, मी अडवत नाही. पण शेजारची काकू दारात उभी राहून ऐकेल असं त्यात काही उरत नाही.

आता पेठचं सांगते. दोन वर्षांपूर्वी सावळघाटाच्या पलीकडे एका पाड्यावर घरसभेला गेले होते. कुडाच्या भिंती, सारवलेली जमीन, एक ढोलकी आणि पंधरा-वीस माणसं. सभा चालवणारी बाई फार तर चौथी शिकलेली. बायबलमधलं वचन मराठीत वाचलं तिच्या मुलीने, ते समजावलं बाईने, आपल्या कोकणा बोलीत. मग साक्ष सुरू झाल्या. एका माणसाने उठून एवढंच सांगितलं, की गेल्या पावसाळ्यापासून दारूला हात लावला नाही, आणि खाली बसला. त्याची बायको काही बोलली नाही, पदराने डोळे पुसत राहिली. त्यानंतर नागलीची भाकरी आणि उडदाचं भुजं. जेवायला पाड्यावरची प्रार्थनेला न येणारी माणसंही आली, कारण ती मामा-मावशीच होती. द्राक्षाच्या हंगामात हीच माणसं दिंडोरी-निफाडच्या बागांवर कामाला जातात, तर सभा तिथल्या शेडमध्ये भरते. इमारत नसल्यामुळे काही अडत नाही.

पण तिथेही सगळं गोड नाही. आजार बरा होईल म्हणून आलेला माणूस तो बरा झाला नाही की निघून जातो. आणि ‘औषध घेऊ नका, फक्त विश्वास ठेवा’ असं कोणी सांगत असेल तर ते चूक आहे, मी तोंडावर सांगते. एकाच पुढाऱ्यावर सगळं उभं असतं. तो भांडून वेगळा झाला की मंडळीही दुभंगते. भीतीही आहे. गुजरातचं डांग इथून फार दूर नाही, आणि 1998 च्या नाताळात तिथे चर्चवर झालेले हल्ले लोक विसरलेले नाहीत.

शहरात आमचं दुखणं वेगळं आहे. जुन्या मंडळ्यांकडे जागा आहेत, आणि जागा आल्या की कमिटी, निवडणूक, गट, कोर्टकचेरी आलीच. एका मंडळीच्या बैठकीत मी स्वतः तीन तास बसले होते. कंपाउंडच्या भिंतीवर अडीच तास बोलणं झालं, आजारी माणसांच्या भेटींवर एक शब्द नाही. त्याच शहरात नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला दर फेब्रुवारीत लोटणारी गर्दी पाहा. कितीतरी हिंदू कुटुंबं मेणबत्ती घेऊन रांगेत असतात. त्यांना कोणी धर्म विचारत नाही. ती गर्दी म्हणजे सभासदसंख्या नव्हे, आणि ती मोजूही नये. पण दार उघडं असलं की लोक येतात.

मागच्या वर्षी त्याच पाड्यावरचा एक मुलगा सातपूरच्या कंपनीत लागला. ढोलकी वाजवायचा तो हाच. आमच्याकडच्या एका मोठ्या चर्चमध्ये तीन रविवार आला, शेवटच्या बाकावर बसला. उपासना झाली की सगळे आपापल्या ओळखीच्यांत उभे राहायचे, तो चप्पल घालून निघून जायचा. तिसऱ्या रविवारी मी त्याला पाहिलं होतं. संडे स्कूलच्या वह्या हातात होत्या, ‘पुढच्या वेळी बोलू’ म्हणून राहून गेलं. पुढच्या वेळी तो आलाच नाही. पाड्यावरच्या बाईला फोन केला तेव्हा कळलं, की अंबडला भाड्याच्या खोलीत भरणाऱ्या एका छोट्या मंडळीत तो जातो. पहिल्याच दिवशी त्यांनी त्याला जेवायला थांबवून घेतलं होतं, आणि आता तो खोलीवरच्या दोघा मित्रांनाही सोबत नेतो. मी मग एका रविवारी दुपारी तिथे जाऊन त्याला भेटले.