येशूने क्रूसावर 'माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास' असं का म्हटलं? विश्वास उडाला होता का?

नाही, विश्वास उडाला असता तर 'माझ्या देवा' अशी हाकच मारली नसती, आणि मुळात ती स्तोत्रसंहितेतल्या (बायबलच्या जुन्या करारातला प्रार्थनागीतांचा संग्रह) 22व्या स्तोत्राची पहिली ओळ आहे. मार्कच्या शुभवर्तमानाचा (येशूच्या चरित्राचा) 15वा अध्याय आणि ते स्तोत्र शेजारी ठेवून वाचा, कपडे वाटून घेणं, त्यावर चिठ्ठ्या टाकणं, लोकांनी डोकं हलवून टिंगल करणं सगळं त्या स्तोत्रात आधीच आहे आणि त्याचा शेवट निराशेत नाही, देवाने ऐकलं असा होतो. पण म्हणून ते नुसतं पाठांतर समजू नका हां, बरेच ख्रिस्ती मानतात की माणसांच्या पापाचं ओझं घेतल्यामुळे बापापासून, म्हणजे देवापासून, तुटल्याची ती खरीखुरी वेदना होती. लूक आणि योहानाच्या शुभवर्तमानात मात्र हे वाक्य नाहीच.