अमेरिकन फुटबॉलमधल्या रिसीव्हरच्या डोक्याला मार : तुमचे प्रश्न

प्रश्न : अल टून २९व्या वर्षीच का थांबला? हाडबिड तर मोडलं नव्हतं.

हाड मोडलं असतं तर परवडलं असतं, ते जुळतं तरी. टून न्यूयॉर्क जेट्सचा रिसीव्हर, म्हणजे फेकलेला बॉल झेलणारा, १९८८ला ९३ कॅच म्हणजे त्या सीझनला लीगमध्ये (एनएफएलमध्ये) सगळ्यात जास्त, आणि नोव्हेंबर १९९२ला डेन्व्हरविरुद्ध परत कन्कशन (डोक्याला धक्का बसून मेंदू हादरणं) झालं नि करिअर संपलं. तोवर किमान नऊ झालेली.

प्रश्न : मग हेल्मेट कशाला असतं?

कवटी फुटू नये म्हणून. गुलाबजामचा स्टीलचा डबा जोरात आपटून बघा, डब्याला पोचा नाही पण आत काय झालंय ते झाकण उघडल्यावर कळतं, आणि इथे तर झाकणच उघडता येत नाही. त्यात रिसीव्हरची नजर वर बॉलवर, हात ताणलेले, समोरून सेफ्टी, म्हणजे विरुद्ध टीमचा बचावपटू, फुल स्पीडमध्ये येतोय हे त्याला दिसतच नाही, मान ताठ करायला वेळ कुठला?

प्रश्न : वेन क्रेबेट बेशुद्ध पडला तरी बॉल सोडला नाही म्हणे. याला म्हणतात जिगर!

क्रेबेटही जेट्सचाच रिसीव्हर. २००५ची सॅन डिएगोविरुद्धची मॅच. कॅच घेतला, बॉल घट्ट धरलेला आणि हा गार. तीच शेवटची मॅच. ड्राफ्टमध्ये (टीम नवे खेळाडू निवडतात त्यात) कुणी न घेतलेला पोरगा ५८० कॅच घेतो, जिगर होतीच हो, पण आपण टाळ्या तिथेच वाजवतो ना, म्हणून पोरं चक्कर येत असली तरी बोलत नाहीत. कन्कशनची लक्षणं दिसली तर त्या दिवशी परत खेळायचं नाही हा लीगचा नियमसुद्धा २००९च्या शेवटी आला!

प्रश्न : कन्कशनची नोंदच नसेल तर सेफ?

नाही. सिनसिनाटीचा रिसीव्हर ख्रिस हेन्री २००९ला २६व्या वर्षी गेला, लीगमध्ये एकाही कन्कशनची नोंद नव्हती, तरी मेंदूत सीटीई (डोक्याला वारंवार बसलेल्या धक्क्यांनी होणारा मेंदूचा आजार) सापडला. न मोजलेले छोटे धक्केही साठत जातात. आणि सीटीईचं पक्कं निदान अजून तरी माणूस गेल्यावरच होतं.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत असतो. मुलाला प्रॅक्टिसमध्ये धडक बसली, सीटी स्कॅन नॉर्मल आला. शनिवारी खेळू दे का?

नको. कन्कशनमध्ये स्कॅन बऱ्याचदा नॉर्मलच येतो, तो रक्तस्राव वगैरे बघायला असतो. डॉक्टरांनी लेखी परवानगी देईपर्यंत मैदान बंद, कोच काहीही म्हणू दे. वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, डोळ्याची एक बाहुली मोठी किंवा उठवूनही नीट जाग येत नसेल तर लगेच ९११. आणि त्याला ‘बरंय ना?’ असं विचारू नका, हो म्हणेल. धडकेच्या आधीचा प्ले (डाव) कुठला होता ते विचारा, आठवतंय का बघा.