‘स्टारशिप’चं तारायान करावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘इलॉन मस्क यांच्या स्पेसएक्स कंपनीच्या स्टारशिप या अग्निबाणावरचा लेख मराठीत आणते आहे. तारायान, ताराजहाज, नक्षत्रयान असे तीन शब्द लिहिले आणि तिन्ही खोडले. कुठला बरोबर? आणि शिप म्हणजे जहाज, तर आपण सगळीकडे यान का म्हणतो?’

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच दडलं आहे.

‘जहाज’ अरबीतून आलेलं. त्याच्यासोबत बंदर, खलाशी, शीड, नांगर असा सगळा संसार येतो. ‘यान’ संस्कृत ‘या’ म्हणजे जाणे या धातूवरून आलं. यात्रा, प्रयाण, झालंच तर महायान-हीनयान ही सगळी त्याचीच भावंडं. जे घेऊन जातं ते यान. म्हणजे आपल्या शब्दाला पाणी लागलेलंच नाही.

इंग्रजीत मात्र गोष्ट आधी आली आणि वाहन मागून. अवकाशात जायचं कसं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, तेव्हा कथाकारांनी समुद्रप्रवास उचलून आभाळात ठेवला. कॅप्टन, क्रू, डेक, डॉकिंग ही सगळी दर्यावर्दी मंडळी अशी वर गेली. ‘अॅस्ट्रोनॉट’मधला ‘नॉट’सुद्धा ग्रीकमधला खलाशीच. गंमत म्हणजे १८८० साली पर्सी ग्रेगच्या मंगळावर जाणाऱ्या कादंबरीत हा शब्द येतो तो माणसासाठी नाही, तर त्या वाहनाचं नाव म्हणून. उड्डाणाआधी आकडे उलटे मोजण्याची पद्धतही फ्रिट्झ लांगच्या १९२९ च्या चंद्रप्रवासावरच्या मूकपटाने रूढ केली. त्या चित्रपटाचा तांत्रिक सल्लागार होता हेर्मान ओबर्थ, जो लहानपणी ज्यूल व्हर्न वाचून अग्निबाणांच्या नादी लागला होता. कथेतून शास्त्रज्ञ, शास्त्रज्ञाकडून पुन्हा कथा, असं हे रहाटगाडगं जुनंच आहे.

खासगी कंपन्या आल्यावर त्याला जोर चढला. ‘एंटरप्राइज’ या एका नावाचा प्रवास पाहा. मुळात ते अमेरिकी नौदलाच्या युद्धनौकांचं नाव. १९६६ साली ‘स्टार ट्रेक’ या दूरचित्रवाणी मालिकेने ते आपल्या स्टारशिपला दिलं आणि त्या नावाआधी नौदलाचंच ‘यूएसएस’ (युनायटेड स्टेट्स शिप) लावलं. १९७६ साली नासाच्या पहिल्या शटलचं नाव ‘कॉन्स्टिट्यूशन’ ठरत होतं, तेव्हा मालिकेच्या चाहत्यांनी पत्रांचा पाऊस पाडून ते ‘एंटरप्राइज’ करायला लावलं. (ते शटल अवकाशात कधी गेलंच नाही, चाचण्यांपुरतं राहिलं.) पुढे व्हर्जिन गॅलॅक्टिकने आपल्या यानाला नाव दिलं ‘व्हीएसएस एंटरप्राइज’. यातलं व्हीएसएस म्हणजे व्हर्जिन स्पेस शिप. नौदलाची मोहर, मालिकेतून फिरून, तिकिटं विकणाऱ्या कंपनीच्या कपाळावर आली. आणि एंटरप्राइज म्हणजे साहसही, धंदाही. इथे दोन्ही अर्थ लागू पडतात.

स्पेसएक्समध्येही तेच. ‘फाल्कन’ हे नाव ‘स्टार वॉर्स’ चित्रपटातल्या मिलेनियम फाल्कनवरून घेतल्याचं मस्क यांनीच सांगितलेलं आहे. अग्निबाणाचा खालचा टप्पा समुद्रात ज्यावर उतरतो त्या सपाट बार्जला कंपनी ‘ड्रोनशिप’ म्हणते. त्यातल्या एकीचं नाव आहे ‘ऑफ कोर्स आय स्टिल लव्ह यू’, म्हणजे ‘आहेच की माझं अजून तुझ्यावर प्रेम’. हे नाव इयन एम. बँक्स यांच्या कादंबरीतलं. तिथली याने बुद्धिमान असतात आणि स्वतःची नावं स्वतःच ठेवतात. ८ एप्रिल २०१६ रोजी फाल्कन ९ चा टप्पा समुद्रात पहिल्यांदा धडपणे उतरला, तो याच बार्जवर. म्हणजे कथेत जहाजाचं यान झालं होतं आणि इथे यानाचं नाव पुन्हा खऱ्याखुऱ्या पाण्यावरच्या नौकेला मिळालं!

तुमच्या लेखात अडचण होणार ती नेमकी इथे. स्टारशिप हे संपूर्ण अग्निबाणाचं नाव आहे आणि त्याच्या वरच्या टप्प्याचंही. त्या वरच्या टप्प्याला कंपनी नुसतं ‘शिप’ म्हणते आणि पुढे क्रमांक लावते. खालचा टप्पा तो बूस्टर. १८ नोव्हेंबर २०२३ च्या उड्डाणात होतं ते ‘शिप २५’. आता ‘जहाज २५ बूस्टरपासून वेगळं झालं’ असं लिहून पाहा. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे गोदीच उभी राहील. त्यात कुठे ड्रोनशिपचा उल्लेख आला की कुठलं जहाज वर आणि कुठलं खाली, हे सांगायला तळटीप द्यावी लागेल. म्हणून जहाज पाण्यावर राहू द्या. वर जातं ते यान.

आता ‘स्टार’. विज्ञानकथेत स्टारशिप हे सामान्यनाम आहे: एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे जाणारं यान. कंपनीने ते उचलून विशेषनाम केलं. २०१६ साली याच प्रकल्पाचं नाव ‘इंटरप्लॅनेटरी ट्रान्सपोर्ट सिस्टिम’ होतं, म्हणजे सरळ आंतरग्रहीय वाहतूक व्यवस्था. २०१८ मध्ये ते स्टारशिप झालं. पहिलं नाव वर्णन होतं, दुसरं आकांक्षा. कारण हे यान चंद्र आणि मंगळ डोळ्यांपुढे ठेवून बांधलं आहे. सूर्याला सर्वांत जवळचा तारा सुमारे ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे. सेकंदाला साधारण १७ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या नासाच्या व्हॉयेजर १ या यानाला एवढं अंतर कापायला पाऊण लाख वर्षं लागतील. ताऱ्यापर्यंत जायला अजून अवकाश आहे, दोन्ही अर्थांनी.

मग तुम्ही ‘तारायान’ लिहिलंत, तर जे नावापुरतं आहे ते वाचकाला वर्णन वाटेल. इंग्रजी वाचकाला ते नाव कथेतून आलंय हे माहीत असतं, तो मनातल्या मनात हसून पुढे जातो. ती खूण भाषांतरात उतरत नाही. ‘नक्षत्रयान’ आणखी दूरचं. नक्षत्र म्हटलं की आपल्याला अश्विनी-भरणी आणि पाऊस आठवतो. शिवाय याआधी आपण कुठे नावं बदलली? ‘स्पुतनिक’चा अर्थ सहप्रवासी, ‘सोयुझ’ म्हणजे संघ, दोन्ही जशीच्या तशी रुळली. ‘ससाणा ९ चं यशस्वी उड्डाण’ असा मथळा कुणी दिला तर पक्षिनिरीक्षक आधी वाचतील.

माझं मत: ‘स्टारशिप’ तसंच ठेवा, पहिल्या उल्लेखाला ‘स्टारशिप हे यान’ म्हणा, वरच्या टप्प्यासाठी ‘शिप २५ हे यान’ लिहा. नंतर नुसतं यान पुरे. ‘तारायान’ फेकू नका मात्र. कथेचं भाषांतर कराल तेव्हा तिथल्या सामान्यनामासाठी ते चांगलं आहे. मी कदाचित ‘तारकायान’ घेईन, कारण ‘तारायान’ झटकन वाचताना ताराबाईंचं यान वाटतं.

तुम्ही विचारलं नाहीत, पण लेखात येईलच म्हणून ‘अंतराळवीर’बद्दल. इंग्रजीने खलाशी निवडला, आपण वीर. खलाशी हे काम आहे, वीर हा अभिप्राय. सरकारी मोहिमा होत्या तोवर ते खपून गेलं. पण १३ ऑक्टोबर २०२१ रोजी ‘स्टार ट्रेक’मधले कॅप्टन झालेले अभिनेते, विल्यम शॅटनर, नव्वदाव्या वर्षी ब्लू ओरिजिन या खासगी कंपनीच्या यानातून शंभर किलोमीटरच्या वर जाऊन सुमारे दहा मिनिटांत परत आले. त्यांना काय म्हणायचं? अमेरिकी कायद्याने २००४ सालीच अशांसाठी ‘उड्डाणातला सहभागी’ या अर्थाचा रुक्ष शब्द काढून ठेवला आहे. मी ‘अंतराळप्रवासी’ लिहितो. धाडस त्यातही लागतं, पण सुकाणू दुसऱ्याच्या हातात असतं. शॅटनर यांच्या बाबतीत तर ते यान आपलं आपणच चालत होतं.