उशिरा रडलेलं बाळ आणि सात वर्षांनंतरचा विसरभोळेपणा

ताई, तुमचा मुलगा जन्मल्यावर रडला नाही, तीन दिवस कूलिंगवर (अंग थंड ठेवायच्या उपचारावर) होता, पुढे चालणं-बोलणं वेळेवर झालं. आता सातव्या वर्षी पाढे धडाधड म्हणतो, पण सकाळी कुठे गेलो होतो हे संध्याकाळी सांगता येत नाही, आणि शाळेतल्या बाई म्हणतात 'लक्षच नसतं'. याचा जन्मावेळी ऑक्सिजन कमी पडण्याशी संबंध असेल का, असं तुम्ही विचारलंय. असू शकतो. मी डॉक्टर नाही, पण माझी मुलगी याच वाटेने गेलीय. आता ती १४ वर्षांची आहे.

ती आठ वर्षांची असताना प्राणिसंग्रहालयाच्या सहलीहून आली. हत्तीच्या सोंडेत हाड नसतं, जिराफाची जीभ काळपट असते, सगळं सांगून झालं. मी विचारलं, बसमध्ये शेजारी कोण होतं? गप्प. डबा कुणाबरोबर खाल्लास? गप्प. आणि दोन दिवसांनी तिनेच विचारलं, 'आपली सहल कधी आहे?' आम्ही तोवर तिला वेंधळी म्हणून रागवत होतो. ते आठवलं की अजून कसंतरी होतं.

स्मरणशक्ती ही एकच गोष्ट नाही. माहिती लक्षात राहणं वेगळं आणि स्वतःवर घडलेला प्रसंग लक्षात राहणं वेगळं. दुसऱ्या कामाला हिप्पोकॅम्पस हा मेंदूतला छोटा भाग लागतो, आणि ऑक्सिजन तुटला की त्याच्या पेशींना फार लवकर झळ बसते. लंडनच्या संशोधक फरानेह वर्गा-खादेम यांच्या गटाने १९९७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात अशा तिघांची माहिती दिली. एकाला जन्मावेळी, एकाला चौथ्या वर्षी, एकाला नवव्या वर्षी इजा झालेली. तिघांचेही दोन्ही बाजूंचे हिप्पोकॅम्पस लहान होते. तरी तिघं साध्या शाळेत शिकली, वाचन, शब्दसंग्रह ठीक. मात्र दिवसभरात काय झालं, कुठे जायचं होतं, काहीच टिकत नव्हतं.

मग इतकी वर्षं कळलं कसं नाही? हातापायाच्या हालचाली सांभाळणाऱ्या भागांना मार बसला तर वर्ष-दीड वर्षात दिसतं. पण दोन वर्षांच्या पोराला कालचा दिवस सांग असं कोण म्हणतं? शाळेने अशी आठवण मागायला सुरुवात केली की कमतरता उघडी पडते. म्हणून 'दोन वर्षांच्या तपासणीत सगळं छान' याचा अर्थ तेवढाच घ्यायचा.

कूलिंगबद्दल तुमच्या मनात खंत दिसली. पहिल्या धक्क्यानंतर पेशी काही तास सावरल्यासारख्या असतात, मग दुसरी पडझड सुरू होते. म्हणून जन्मापासून ६ तासांच्या आत सुरू करून शरीर ३३ ते ३४ अंश सेल्सिअसवर ७२ तास ठेवतात. त्याने मृत्यूचा आणि मोठ्या अपंगत्वाचा धोका कमी होतो, शून्य होत नाही. तुमचं काही चुकलेलं नाही. तो पहिल्या मिनिटाचा कमी अपगार स्कोअरही (जन्मल्याबरोबर बाळाची अवस्था बघून देतात ते गुण) उगाळू नका, एकट्या त्या आकड्यावरून पुढचं फारसं कळत नाही.

पण सगळं खापर जन्मावर फोडायच्या आधी कान तपासून घ्या. अशा बाळांत ऐकण्याचा दोष राहण्याचा धोका जास्त असतो, आणि धड ऐकू आलं नाही तर लक्षात काय राहणार? झोप कशी आहे, मध्येच क्षणभर शून्यात बघतो का, हेही बालमेंदूतज्ज्ञांना सांगा. ते झटके असू शकतात. जन्मानंतरचा एमआरआय 'नॉर्मल' असला तरी फाईल बंद करू नका, हिप्पोकॅम्पस लहान राहिल्याचं पुढेही दिसू शकतं.

घरी आम्ही 'आठवत नाही का?' हे वाक्यच बंद केलं. दिवसाचे दोन-तीन फोटो काढतो, रात्री ते बघत तिच्याशी बोलतो. मोकळा प्रश्न टाकण्याऐवजी पर्याय दिले की तिला बरंच ओळखता येतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती स्वतः लिहिते. शाळेला लेखी कळवल्यावर सूचना वहीत लिहून मिळू लागल्या, आणि निम्मी भांडणं मिटली.

न्यूरोसायकॉलॉजिस्टकडे (स्मरण, लक्ष यांच्या चाचण्या घेणाऱ्या मानसतज्ज्ञाकडे) मात्र जाच, आणि नुसता आयक्यू काढून परत येऊ नका. आमचं पहिलं वर्ष तसंच वाया गेलं, कारण आकडा चांगला आला होता. गोष्ट सांगून लगेच विचारतात आणि मग अर्ध्या तासाने पुन्हा विचारतात, ती चाचणी मागा. माझ्या मुलीने लगेच जवळजवळ सगळी गोष्ट सांगितली. अर्ध्या तासाने म्हणाली, 'कुठली गोष्ट?'