केमो स्तनाच्या कॅन्सरची, मग आईच्या हृदयाची टूडी इको कशासाठी?

कारण तुमच्या आईंना पुण्यात जे लाल रंगाचं औषध चालू आहे, ते डॉक्सोरुबिसिन, हृदयाच्या पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियालाही इजा करू शकतं. हृदय क्षणभरही थांबत नाही, त्यामुळे त्याच्या स्नायूपेशींचा जवळपास एक तृतीयांश भाग या ऊर्जा बनवणाऱ्या भट्ट्यांनीच भरलेला असतो. त्यांच्या आतल्या पडद्यात कार्डिओलिपिन नावाचा स्निग्ध पदार्थ असतो. औषध नेमकं त्याला चिकटतं, तिथे इलेक्ट्रॉन पळवतं आणि ऑक्सिजनचे घातक रेणू तयार होतात. ते निपटणारं कॅटलेज हे एन्झाइम हृदयात यकृताच्या मानाने फारच कमी. शिवाय हृदयाच्या पेशी सहसा नव्याने तयार होत नाहीत, म्हणून इजा साठत जाते. सिस्प्लॅटिन हे केमोचं दुसरं औषध मूत्रपिंडातल्या मायटोकॉन्ड्रियाला इजा करू शकतं. म्हणून तर त्याच्यासोबत भरपूर सलाइन.

मी इथल्या फार्मसी कॉलेजात फार्माकोलॉजी शिकवतो, त्यामुळे हे रोजचंच. पण मायटोकॉन्ड्रिया हे एकमेव कारण नाही. डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या टोपोआयसोमरेज 2 बीटा या एन्झाइमचाही मोठा वाटा आहे. आणि घाबरू नका: धोका एकूण डोसवर वाढतो. आयुष्यभराची मर्यादा साधारण 450 ते 550 मिलीग्रॅम प्रति चौरस मीटर धरतात, नेहमीच्या 4 सायकलींत 240 होतात. आधीच हृदयविकार किंवा बीपी असेल तर मात्र डॉक्टरांना आवर्जून सांगा. मेडिकलमधून अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या आपल्या मनाने आणू नका.