लॉस ‘नॅन’ का होतो?

प्रश्न : एनव्हिडियाच्या टी४ ग्राफिक्स कार्डावर न्यूरल नेटवर्कचं प्रशिक्षण लवकर उरकावं म्हणून ३२ऐवजी १६ बिटांत गणना सुरू केली. वेग वाढला, पण थोड्या वेळाने लॉस (मॉडेलच्या चुकीचं माप) ‘नॅन’, म्हणजे ‘ही संख्याच नाही’, असं दाखवतो. काय करावं?

उत्तर : एफपी१६मध्ये, म्हणजे १६ बिटांच्या या संख्याप्रकारात, ६५,५०४पेक्षा मोठी संख्या मावत नाही आणि फार लहान ग्रेडियंट (मॉडेलचे आकडे, म्हणजे वेट्स, किती बदलायचे ते सांगणारी मूल्यं) शून्य होतात. पायटॉर्च या लायब्ररीतला ग्रेडस्केलर लावा. लहान ग्रेडियंट शून्य होऊ नयेत म्हणून तो सुरुवातीला लॉसला ६५,५३६ने गुणतो; ग्रेडियंट अनंत किंवा नॅन निघाले तर ती पायरी सोडून गुणक निम्मा करतो. क्लिपिंग (मोठे ग्रेडियंट मर्यादेत आणणं) करत असाल तर आधी ‘अनस्केल’ (गुणकाने भागणं), मग क्लिपिंग. इथेच बरेचजण फसतात. फॉरवर्डमध्येच (इनपुटवरून उत्तर काढतानाच) आकडे फुगत असतील तर स्केलर निरुपयोगी, मॉडेलचा तो थर ३२ बिटांत चालवा. मूळ वेट्सही ३२ बिटांतच हवेत, नाहीतर बारीक बदल विरून जातात. बीएफ१६ला (१६ बिटांचाच, पण खूप मोठ्या संख्या मावणारा दुसरा प्रकार) स्केलर सहसा लागत नाही, अचूकता मात्र घटते. आणि टी४मध्ये त्याची हार्डवेअर सोयच नाही.