डायक्लोफिनॅक फुटले की फिल्टरवर अडकले?

प्रश्न : एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी 500 मिली डिस्टिल्ड पाण्यात लिटरला 10 मिग्रॅ या प्रमाणात डायक्लोफिनॅक सोडियम हे वेदनाशामक औषध घेतले. पीएच 3 केला, फेरस सल्फेट आणि 30 टक्क्यांचे 1 मिली हायड्रोजन पेरॉक्साइड घातले आणि बीकर तासभर 40 किलोहर्ट्झच्या अल्ट्रासाउंड क्लीनिंग बाथमध्ये ठेवला. 0.45 मायक्रॉन फिल्टरने गाळून एचपीएलसी (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणारी चाचणी) केले, तर आलेखातला औषधाचा पीक जवळजवळ नाहीसा. सीओडी (पाण्यातले पदार्थ जाळायला लागणारा ऑक्सिजन) मात्र वाढला. असे का?

उत्तर : आधी सीओडी. तुमच्या पाण्यातल्या औषधाचा स्वतःचा सीओडी लिटरला जेमतेम 15 मिग्रॅ आहे. त्यात तुम्ही पेरॉक्साइड घातले लिटरला सुमारे 666 मिग्रॅ! सीओडी चाचणीत वापरायचे डायक्रोमेट उरलेल्या पेरॉक्साइडवरही खर्च होते आणि दर मिलिग्रॅममागे 0.47 मिग्रॅ खोटा सीओडी दिसतो. हे पेरॉक्साइड मारायला सोडियम सल्फाइट टाकाल तर जादा सल्फाइटही सीओडी देते. म्हणून टीओसी (पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन) मोजा. पेरॉक्साइडमध्ये कार्बनच नसतो.

डायक्लोफिनॅकचा एक रेणू पूर्ण जाळायला हिशेबाने पेरॉक्साइडचे 33 रेणू लागतात. तुमच्या बीकरला 0.05 मिली पुरते, दुप्पट घेतले तरी चालेल. तुम्ही वीसपट घेतले आहे, आणि जादा पेरॉक्साइड हायड्रॉक्सिल मूलकांनाच (लोह-पेरॉक्साइडपासून बनून औषध फोडणाऱ्या अतिक्रियाशील कणांनाच) खाऊन टाकते. लोहासाठी सात पाण्याचे (हेप्टाहायड्रेट) फेरस सल्फेट 14 मिग्रॅपासून सुरू करा.

आता खरी गफलत. डायक्लोफिनॅकचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे औषध आम्लरूपात असते तो आकडा) 4 च्या आसपास आहे. पीएच 3 ला त्याचे आम्ल होते आणि ते लिटरला काही मिलिग्रॅमच विरघळते. बाकीचे बारीक कण होऊन फिल्टरवर अडकले असणार. पीक गेला म्हणून औषध फुटले असे धरता येणार नाही. नमुना गाळण्याआधीच तेवढ्याच मिथेनॉलमध्ये मिसळा: औषध विरघळते आणि मूलकांची क्रियाही थांबते. टीओसीसाठी वेगळा नमुना घ्या, मिथेनॉल न घालता आणि न गाळता; गाळलात तर अडकलेले औषध तिथेही गेल्यासारखेच दिसेल. पीएच गंधकाम्लानेच उतरवा, म्हणजे सुटलेले क्लोराइड आयन क्रोमॅटोग्राफीवर मोजता येईल. रेणूतले दोन्ही क्लोरीन सुटले तर लिटरला 2.2 मिग्रॅ मिळायला हवे. हा आकडा जुळला, तर क्लोरीन रेणूपासून नक्की सुटला. टीओसी मात्र तसाच राहिला, तर औषधाचे तुकडे अजून पाण्यात आहेत, आणि ते निरुपद्रवी असतील असे गृहीत धरू नका.

बाथवर लिहिलेले वॅट पाण्यात पोचत नाहीत. 500 मिली पाणी पाच मिनिटांत 3 अंशांनी तापले, तर आत गेले फक्त 21 वॅट. हे मोजून लिहा, मग थंड पाणी फिरवून तापमान 25 अंशांवर धरा. ध्वनीने पाण्यात बुडबुडे बनतात आणि ते कोसळताना मूलके तयार होतात; पाणी तापले की बुडबुड्यात वाफ भरते आणि तो जोरात कोसळत नाही. मूलकांसाठी 200 ते 600 किलोहर्ट्झ बरे. 40 किलोहर्ट्झचा मुख्य उपयोग ढवळण्याचा आणि घासण्याचा. म्हणूनच ध्वनी न देता फक्त लोह-पेरॉक्साइड, आणि लोह-पेरॉक्साइड न घालता फक्त ध्वनी, अशा दोन वेगळ्या फेऱ्या हव्यातच. बरेचसे काम फेंटननेच (लोह-पेरॉक्साइडच्या क्रियेनेच) केलेले आढळले तर तसे स्पष्ट लिहा.

प्रश्न : आमच्या छोट्या औषध कारखान्यातून दिवसाला 10 घनमीटर सांडपाणी निघते. ते शुद्ध करायला अल्ट्रासाउंड हॉर्न (पाण्यात बुडवायचा ध्वनिदंड) बसवावा का?

उत्तर : वरच्याच आकड्यांवरून पाहा. अर्ध्या लिटरला तासभर 21 वॅट म्हणजे घनमीटरला 42 युनिट, 10 घनमीटरला रोज 420. शिवाय ही फक्त पाण्यात पोचलेली ऊर्जा. मीटर याहून जास्त फिरेल. हॉर्नचे टायटॅनियमचे टोक झिजते ते वेगळेच.

पंपाने ऑरिफिस प्लेट (भोकांची चकती) किंवा व्हेंचुरीतून (मध्ये अरुंद होणाऱ्या नळीतून) पाणी ढकलून कॅव्हिटेशन (बुडबुडे बनून कोसळणे) घडवणे मोठ्या प्रमाणावर परवडते. माटुंग्याच्या आयसीटी (रसायन तंत्रज्ञान संस्था) आणि पुण्याच्या एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) इथे यावर बरेच काम झाले आहे. दाब वाढवत राहिलात की बुडबुड्यांचा ढगच होतो आणि परिणाम उलट घटतो, म्हणून 2 बारपासून टप्प्याटप्प्याने वाढवत तुमच्या पाण्याचा बिंदू शोधा. सगळे पाणी एकत्र करू नका. रिअ‍ॅक्टर धुतल्याचे पहिले, औषधाने गच्च पाणी वेगळ्या टाकीत घ्या, त्यावर ही प्रक्रिया करा आणि मगच जैविक टाकीत सोडा. हैदराबादजवळच्या पाटणचेरूला सुमारे 90 औषध कारखान्यांचे पाणी घेणाऱ्या सामाईक प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडलेल्या पाण्यात लिटरला 31 मिग्रॅपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक (अँटिबायोटिक) सापडल्याचे 2007 मध्ये प्रसिद्ध झाले. सगळ्यांचे पाणी एकत्र करून जैविक टाकीवर भिस्त ठेवली, तर असे प्रतिजैविक पार निसटून जाऊ शकते.